कातळाखाली उभे राहणारे मिस्त्री

आजच्या समारंभाचे माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आमच्या क्लबचे मिस्त्री, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि मागे मांडीवर हेल्मेटं घेऊन बसलेली सगळी पोरंपोरी,

सचिवांनी मला आधीच दम भरलाय, "टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक हा विषय काढू नका, चहा गार होतो." पण निरोप मिस्त्रींना द्यायचा आणि इंजिनाचं नाव घ्यायचं नाही, हे कसं जमावं?

अध्यक्षमहाराज, आपल्याला हा खेळ नवा, म्हणून थोडक्यात सांगतो. ट्रायल्स म्हणजे शर्यत नव्हे. मोटरसायकलवर उभं राहून, पाय न टेकता, दगडाधोंड्यांतून आणि कातळावरून गोगलगाईच्या चालीनं जायचं. टू-स्ट्रोक हलकी, मूठ पिळली की उसळते. फोर-स्ट्रोक जड, पण शांत. उतारावर इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ओल्या दगडावर चाक सहसा घसरत नाही. गेली अकरा वर्षं दर बैठकीत मी फोर-स्ट्रोकची बाजू तावातावानं मांडतोय. तुम्ही टाळ्याही वाजवल्यात.

आज खरं सांगतो. मी फोर-स्ट्रोक घेतली ती भीतीपोटी.

टू-स्ट्रोकला एक वाईट खोड आहे. चढावर इंजिन अगदी मरायला टेकलं की कधीतरी गचका खाऊन ते उलटं फिरायला लागतं. आवाज जवळपास तोच. आपल्याला वाटतं, सुटलो बुवा! आणि मूठ पिळावी तर गाडी मागे धावते. फोर-स्ट्रोक बिचारी नुसती बंद पडते. म्हणून मिस्त्री नव्या माणसाकडून पहिल्याच दिवशी घोकून घ्यायचे, "गचका दिला की बटण दाबायचं, गाडी बंद. तिथं शहाणपणा नको." आणि स्वतः कातळाच्या पायथ्याशी कान देऊन उभे राहायचे.

अकरा वर्षांपूर्वी मोठ्या कातळावर माझ्या तेव्हाच्या टू-स्ट्रोकनं गचका दिला. खालून मिस्त्री ओरडले, "बंद कर!" मी ऐकलं. अहो, स्पष्ट ऐकलं! पण माथा चारच हात राहिला होता आणि सगळे बघत होते. मी मूठ पिळली. मी बाजूला फेकला गेलो आणि गाडी थेट मिस्त्रींच्या गुडघ्यावर आदळली.

क्लबच्या चौकशीत ते म्हणाले, "गाडीच्या ठिणगीचं टायमिंग मीच चुकीचं लावलं होतं, म्हणून ती उलटी फिरली." मी मान खाली घालून बसलो. वहिनी, तुम्हालाही त्यांनी हेच सांगितलं असणार. आज ते काम सोडतायत ते वयामुळे नव्हे, त्या गुडघ्यामुळे.

हे आजच का बोलतोय? उद्या सकाळी माझी लेक त्याच कातळावर चढणार आहे. टू-स्ट्रोकवर! "बाबा, तुझी ती म्हैस मला नको," म्हणाली. हसा, हसा. मला मात्र आठवडाभर झोप नाही. डोळे मिटले की गाडी मागे येताना दिसते. काल तर लाज सोडून तिच्या गाडीचा प्लग काढून खिशात घातला. हा बघा. सकाळपासून ती गॅरेजभर शोधतेय आणि मी वर तोंड करून तिला म्हणतोय, "नीट बघ, असेल तिथंच." पोरी, हा घे. तूच बसव.

मिस्त्री, उद्या पायथ्याशी मी उभा राहणार. नेमकं कुठं, ते मला आज दाखवून ठेवा. भीती वाटेल, आत्ताच वाटतेय, पण जागा सोडणार नाही.

तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. बोलताना कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. मिस्त्रींची माफी मात्र मी माईकवरून मागत नाही, खाली येऊन मागतो.

आणि पोरी, उद्या खालून "बंद कर" ऐकू आलं, तर कोण बघतंय ते बघू नकोस. बंद कर.