सुखरामची सागवानी गॅलरी

...म्हणजे आता रोज सकाळी एक फोटो काढणंही गुन्हा झाला का? सांगा ना! तुमाले सांगतो, आपल्या बालाघाटात मातीच्या भिंतीची, कवेलूच्या छपराची घरं राह्यली किती? रोज एक पाडून राह्यले अन् तिथं काचेचा डबा उभा करून राह्यले, दुपारी आत बसा, आपोआप शिजता! म्हटलं, हायेत तोवर फोटो तरी काढून ठेवू. मी फक्त फोटो काढतो, बाप्पा!

त्यात सुखरामचं घर... काय सांगू! समोर सागवानी गॅलरी, खांबाखांबावर कोरलेले मोर. माहा जीव होता तिच्यावर! एका सकाळी गेलो, मोबाइल वर केला, तर सुखराम आधार कार्ड घेऊन घरासमोर ताठ उभा, तोंड असं का जसा मयतीले आला! म्हटलं, "काहून उभा राह्यला भाऊ?" म्हणे, "आवास योजनेचा फोटो ना साहेब? मालक समोर लागते." म्हटलं, अरे मी सरकारी नाही, मी फक्त फोटो काढतो! तर डोळा मारून म्हणे, "हौ हौ, कोणाले नाही सांगत." शेजारीण तिकडून ओरडते, "साहब, हमारी पीछे वाली दीवार लो, वो ज्यादा गिरी है!" घरी आलो तर आमची बायको गीता म्हणे, "शर्ट खोसून कायले जाता? लोकं साहेबच समजतीन!" आता जन्मभर खोसलेला शर्ट या वयात बाहेर काढू का?

दुसऱ्या दिवशी गेलो... अन् गॅलरीच नाही! खाली लाकडाचा ढीग, त्यात मोर पालथे, अन् सुखराम लोखंडी सब्बल घेऊन हसून राह्यला! "साहेब, लय मजबूत दिसे ना, पास नसतं झालं. आता पाहा कसं पडकं दिसते! काढा!" मी मटकन ओट्यावर बसलो. रडू आवरेना हो! तर हा बायकोले आवाज देते, "शेवंता, चहा ठेव! साहेबाले दया आली, आपलं मंजूर झालं!" तुमाले सांगतो, मी फक्त फोटो... जाऊ द्या.

मंग मीच त्याचा अर्ज भरून देल्ला. गॅलरी तं गेली, म्हटलं, लेकाच्याले घर तरी मिळो. काल खरा सरकारी माणूस आला, टी-शर्ट घालून, मोबाइल घेऊन. सुखरामनं त्याले फाटकातूनच हाकलला! म्हणे, "चाल, निघ! आमचे साहेब रोज येतात."