मिथेनचा आकार

नापास कसं होतात ते मले विचारा, गड्याहो. मी बी.एस्सी.ले होतो. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिला, अन् केमिस्ट्रीतलं हायब्रिडायझेशन सारं तोंडपाठ होतं. तोंडी परीक्षेले बाहेरगावचे सर आले, तर मी एका दमात सांगितलं, "कार्बनची एक एस अन् तीन पी ऑर्बिटल मिसळून चार सारख्या ऑर्बिटल तयार होतात."

"छान. आता मिथेनचा आकार दाखवा."

मी फळ्यावर अधिकचं चिन्ह काढलं. मधात कार्बन, चार टोकांले हायड्रोजन. आमच्या सरांनी वर्षभर तसंच काढलं होतं.

"हा फळ्यावरचा झाला. खरा कसा असतो?"

"असाच, सर. चपटा."

"कोन किती?"

"नव्वद."

त्यांनी माह्या हातातला खडू काढून घेतला. "तुम्हाला काहीच कळलेलं नाही."

आमच्या गावी, रोहिणखेडले, एसटीतून उतरलो अन् तुटकी चप्पल हातात घेऊन घरी निघालो, तर टाचेत गोखरू घुसलं. मायनं ओट्यावर बसवून ते काढलं अन् तळहातावर धरलं.

"पाह्य बापा, हे लबाड कसंबी पडो, तीन काट्यावर बसते अन् चौथा वरतच राह्यते."

मी पाहतच राह्यलो. चार काटे, चार दिशांले, एकमेकापासून होईल तितके दूर. लहानपणापासून मी मिथेन पायातून काढून फेकत आलो होतो!

मले रडूच कोसळलं.

"काऊन रे," माय म्हणे, "एवढुशा काट्यानं?"