खिशातला कॉम्प्युटर

चहा घ्या, सांगतो. आमच्या सूनबाईच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली, तर तिनं नखाएवढ्या मेमरी कार्डात अख्खी सिस्टम भरली अन् त्यावरच मशीन चालवून राहिली होती. मले काही मालूम नव्हतं.

एक दिवस मी तिचं टेबल पुसाले घेतलं. कारखान्याच्या प्लांटमध्ये जिंदगीभर खलाशी, म्हणजे मशीनवरचा मदतनीस होतो. मशीनले फडकं लावाच्या आधी कोणी ती चालू करू नये म्हणून फ्यूज काढून आपल्या खिशात ठेवाचा, ही सवयच. मशीन बंद होती, तरी कार्ड दिसलं ते काढून खिशात टाकलं. पुसलं अन् सायकलनं सिविक सेंटरच्या बाजारात भाजी आणाले निघून गेलो.

तिथं फोन आला. "बाबा, कार्ड कुठं आहे? आता माझा कॉम्प्युटरवर नोकरीचा इंटरव्ह्यू आहे."

"माझ्या खिशात हाय बेटा. आलोच."

"येऊ नका, सायकलनं उशीर होईल. मीच येते."

स्कूटरवर आली. घरी परत जाले वेळ नव्हता, म्हणून टायपिंगच्या दुकानात विचारून तिथल्या कॉम्प्युटरले कार्ड लावून तो पुन्हा चालू केला. अन् काय सांगू, त्याच्या पडद्यावर आमच्या नातीचा फोटो, सूनबाईच्या साऱ्या फायली. घरचं सारं तिथं उघडलं.

दुकानदार घाबरला. "मॅडम, मेरा सब मिट गया क्या?"

"नहीं भैया, कार्ड निकालते ही आपका वापस."

तिनं तिथंच बसून इंटरव्ह्यू दिला. चांगला गेला. मी भाजीची थैली धरून बाजूले उभा होतो. मग तिनं कार्ड काढलं, दुकानदाराचं सारं परत आलं, अन् कार्ड तिनं माझ्याच हातात दिलं.

"ठेवा बाबा खिशात. माझ्याकडून स्कूटरवर पडेल."