कडलैची वाट

वडिवू : या सूनबाई, या! देवघराच्या दारात तुमच्या पिल्लानं तीर्थ शिंपडलंय, घ्या दर्शन.

कुयिली : पुसते, अत्तै. फिनाइलनं डागसुद्धा राहणार नाही.

वडिवू : सोमवारपासून हेच ऐकतेय. उद्या शुक्रवार. पूजेच्या दिवशी घरात हा वास मला चालायचा नाही. सकाळी दूधवाला सेल्वम येईल, त्याच्याबरोबर हा कुत्रा कायमचा त्याच्या गोठ्यावर जाईल. तुझा नवरा हो म्हणालाय.

कुयिली : ते तुमच्यासमोर कशालाही हो म्हणतात.

वडिवू : जीभ बघा हिची!

कुयिली : माहेरी चार कुत्री वाढवलीत मी. आमचा कडलै काही मठ्ठ नाही. उचलून अंगणापलीकडे नेला की मिनिटात करतो.

वडिवू : मग जन्मभर काखेत घेऊन हिंड.

कुयिली : त्याला बाहेर जायचं असतं हो! दारापर्यंत धावत जातो, उंबऱ्यात बसून कुईकुई करतो, आणि मग परत फिरतो. तेवढंच कळत नाही मला... अत्तै, सोमवारी त्यानं दारातलं तुमचं पिठाच्या रांगोळीचं कोलम विसकटलं, तेव्हा काय केलंत?

वडिवू : मारलं नाही हं! केरसुणी आपटली जमिनीवर. म्हटलं, पुन्हा पाय ठेवलास तर याद राख.

कुयिली : झालं तर! त्यानं याद राखली. तुम्ही कोलम काढता ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. बिचाऱ्यानं जावं कुठून?

वडिवू : काहीतरीच! कुत्र्याला कोलम कळतं होय?

कुयिली : तुमच्या मुलाला अजून कळत नाही, बूट घालून तुडवत जातात. ह्याला एका दिवसात कळलं. कोलमच्या पलीकडे उभ्या राहून बोलवून बघा ना. मी इथंच उभी राहते.

वडिवू : बघतेच. कडलै! ए कडलै, ये इकडे, ये... आला. आता थांबला बघ. पाय उचलला... अगं बाई, मागं घेतला! परत उचलला...

कुयिली : आता?

वडिवू : बघतोय माझ्याकडे. लेकरू नुसतं थरथरतंय गं. आणि मी मेली त्याच्यावरच डाफरतेय! उचल त्याला, उचल आधी!

(शुक्रवार. उजाडताना सेल्वम दुधाची कासंडी घेऊन दारात.)

सेल्वम : अम्मा, पिल्लू न्यायला आलोय. दोरीपण आणलीय.

वडिवू : दोरी तुझ्या वासराला बांध. दूध घाल.

सेल्वम : आणि आज शुक्रवारचं कोलम असं कसं? दारभर असतं नेहमी. ही हातभर कड कोरीच ठेवलीत. पीठ संपलं काय?

वडिवू : पीठ डबाभर आहे. तू जरा बाजूला सरक बघू, त्याच्या वाटेत उभा आहेस.