ताठ स्प्रिंग

सांगतो, पण ह्यापुढं विचारू नका. चहा पाजला की ज्यो-त्यो म्हणतो, "तात्या, स्प्रिंगंचं सांगा की." ओकारी आली सांगून...

तर तुमाला सांगतो, बारामतीच्या एमआयडीसीत आमचं शेड. पाण्याच्या टाकीचं शेन्सर करायचं, म्हंजे साधा खटकाच की वो. टाकी भरली, गोळा तरंगत वर आला, दांडीनं स्प्रिंग दाबली, मोटर बंद. स्प्रिंगा मी वळायचो, बारा वर्सं. आता तारंचं भेंडोळं बदललं की केसभर फरक पडणारच. स्प्रिंगा काय जुळ्या जन्मत्यात व्हय?

त्र्याण्णव साली इंदापूरहून शंभर खटकं माघारी. एकाची मोटर अर्ध्या टाकीतच बंद, दुसऱ्याचं पाणी गच्चीवरनं शेजारणीच्या कुरडयांवर. मालकाचा ल्योक रणजित, समद्या शेडापुढं म्हणतो, "तात्या, हात कापतोय तुमचा. उद्यापास्नं खोकी बांधा." हात कापतोय? अजून सुईत दोरा ओवतो मी, बिनचष्म्याचा... मग त्यानं मशीन आणलं. मशीनचं खटकंबी माघारी. मशीनचा हात कापतो का? स्प्रिंगा काय जुळ्या जन्मत्यात व्हय?

तवा आली अंजली, वरकुट्याच्या श्रीपतीची लेक, पुण्यात इंजिनीर झालेली. रणजित तिला म्हणतो, "मॅडम, टॉलरन्स आवळा."

म्या इचारलं, "टॉलरन्स म्हंजे काय गं?"

"सहनशीलता, तात्या. किती फरक चालवून घ्यायचा, ती हद्द."

"मग माझा किती चालवून घेतला ह्यानं?"

पोरगी हसली, अन् रणजितला म्हणाली, "साहेब, आवळून भागत नाही. फरक राहणारच, तो सोसेल असा खटका करू. आखूड ताठ स्प्रिंग केसभर चुकली की जोर लई बदलतो. लांब मऊ असली की कळतबी नाही. तात्या, तसल्या लांब मऊ पाच तुम्ही वळा, पाच मशीन वळू दे."

धाबी स्प्रिंगा एकात मिसळल्या, खटक्यांत बसवून टाकीत लावल्या. धाच्या धा खटकं पाण्याच्या एकाच खुणंवर पडलं. म्हटलं, आता रणजित बोलंल, तात्या चुकलं माझं...

तर रणजितनं पेढं वाटलं. "आपण डिझाईन सुधारलं," म्हणाला. माझ्या हातावरचा आळ काढायचं नाव न्हाय. वर माझ्या पाठीवर थाप, "तात्या, आता कापरा हातबी चालतोय बघा." अन् मी परत खोक्यांवर. थुकावंसं वाटलं, पण तोंडात त्याचाच पेढा.

शेडातली ताठ स्प्रिंग पोरीनं काढली. ताठ मान तिला बदलता आली न्हाय. म्या वाट बघतोय अजून. माझी माफी मागायचा ऱ्हायलाय त्यो एकच... रणजित.