कबरस्तानाची किल्ली

प्रियांनो, सलाम. साळवे पाळकसाहेबांना माती देऊन आलो, ती अजून हातावरून गेली नाही. बोलायला उभी राहिलेय. दुःखानं नव्हे. रागानं. आधीच सांगून टाकते.

मी कुसुम. संडे स्कूलला त्यांच्याच हाताखाली शिकले. पाळकसाहेब हिब्रू शिकून आलेले. त्यांचा लाडका शब्द, शाखर. म्हणजे पहाट. त्यातला ‘ख’ घशातून काढायचा. आम्ही पोरं खोकायचो, ते हसायचे. म्हणायचे, “कुसुम, सूर्य उगवला की शाखर न्हाई. त्याच्या आधी आभाळाची कड पांढुरती, ती शाखर.” काळ्या रंगाचा शब्दही त्याच अक्षरांचा. दोघांचं मूळ एकच का, यावर विद्वानांचं अजून भांडण आहे, हेही सांगायचे. त्याच अक्षरांत शोधण्याचंही क्रियापद आहे. हरवलेली म्हैस माणूस पहाटेपासून शोधतो ना, तसं शोधणं.

म्हणून ईस्टरला ते आपल्याला अंधारात कबरस्तानात न्यायचे. आपापल्या माणसांच्या कबरीवर मेणबत्ती लावायची. कड पांढुरली की गायचं. पारनेरात आपण लहानपणापासून असाच ईस्टर केला. खरं की नाही?

मग गेल्या ईस्टरला काय झालं? चेअरमनसाहेब, पुढच्याच रांगेत बसलाय म्हणून तुम्हाला विचारते. काय झालं? पुण्याच्या पाहुण्यांना लवकर उठवत नाही, म्हणून तुमच्या चर्च-कमिटीनं उपासना उन्हं आल्यावर ठेवली. मंडपात. आणि कबरस्तानाला कुलूप लावलं! पाळकसाहेब, म्हातारा माणूस, काठी टेकत आले. मागं आम्ही चार बायका. आत त्यांच्या पत्नीची कबर. त्यांनी तुम्हाला फोन लावला, मी शेजारीच उभी होते. तुम्ही म्हणालात, “हे हिब्रूचं खूळ लई झालं. घरी जाऊन झोपा.”

त्यांनी मेणबत्ती फाटकाच्या गजाशी लावली. कड पांढुरली. ते गायले नाहीत. त्यानंतर कधीच गायले नाहीत.

आणि आज? आज सगळ्यात मोठा हार तुमचा. बाहेरच्या फ्लेक्सवर त्यांच्यापेक्षा मोठा फोटो तुमचा. आत्ता इथं म्हणालात, ते माझे गुरू होते. लाज वाटू द्या, चेअरमनसाहेब. पाळकसाहेबांनी तुम्हाला क्षमा केली असती. मी करणार नाही. मी तुम्हाला दर पहाटे शोधत येईन, तुमच्या दारात उभी राहून गाईन, झोपू देणार नाही.

आता ते आतच आहेत. आता त्यांना कुलपाबाहेर कसं ठेवाल?

चला, सगळे उभे राहू. स्तब्ध. किती वेळ, ते चेअरमनसाहेबांच्या हातात आहे. किल्ली त्यांच्या खिशात, गाडीच्या किल्लीला अडकवलेली आहे. ती पाळकसाहेबांच्या फोटोपुढं येईपर्यंत कुणी बसायचं नाही.

उठा.