निंबाले टांगलेला दोर

माहं माहेर वाशीमच्या मालेगावकडचं अन् सासर रिसोडजवळचं. माहेर तरी कायचं म्हना, मायबाप मले समजाच्या आंधीच गेले, दादानं वाढवली. दादा म्हंजे माहा मोठा भाऊ, विहिरी खंदाचं काम करे. मले ताजी भाकर देये अन् आपुन शिळी खाये, वरतून म्हने मले शिळीच गोड लागते. लग्नबी त्यानंच लावून देल्लं, दोर वळनाऱ्याच्या घरी. तवा वाशीम अकोला जिल्ह्यात होतं अन् कारभार नागपुरातून चाले, पन आमाले काय त्याचं, आमचं अंगन अन् अंगनभर पसरलेला अंबाडीचा वाख, म्हंजे दोर वळाचे धागे.

मामाजी, म्हंजे माहे सासरे, असा दोर वळत का चार गावचे लोक मोटेसाठी घेऊन जात. पन मानूस ताठ. सुंभ जळलं तरी पीळ जात नाही म्हन्तेत ना, तसा. जीव बी लावत, खोटं काहून बोलू, ताटावर बसले का पयले पुसत, सून जेवली का?

माहं लग्न झालं त्या साली त्याइनं नवाच दोर काढला. अंबाडीत घायपाताचा वाख मिसळला, दोर वजनाले हलका अन् दिसाले असा सुंदर! पयलाच दोर दादाच्या विहिरीवर जानार होता. विहीर खंदनारे मानसं टोपल्यात बसून असल्याच दोरानं वर येत, वरतून बैल ओढत. मामाजीनं दोराचं एक टोक चिंचेले बांधलं, दुसऱ्याले बैलजोडी जुपली. बैलं गुडघ्यावर आले पन दोर तुटला नाही. झाला पास, म्हने.

मले राहवलं नाही बाप्पा. म्या दादाले विहिरीतून वर येताना पाह्यलं होतं, टोपलं कसं गरगर फिरते ते. म्या म्हनलं, मामाजी, बैल त सरळ ओढते, पन मानूस लटकते बी अन् फिरते बी, दोन्ही संगच. ते भडकले. म्हने, काल आलेली पोरगी मले दोर शिकवून राह्यली का? आमचे हे बैलं सोडाले लागले. मंग माह्या तोंडातून निंगालं, ठीक हाय, दादाच्या आंधी मले उतरवा विहिरीत, मी बसतो टोपल्यात.

मामाजी माह्या तोंडाकडे पाहतच राह्यले. मंग हळूच म्हने, तू नोको, आन एखादा गोटा, टांगून फिरवून पाहू.

गोटा म्हंजे घरातल्या फुटक्या जात्याची खालची तळी आनली. तिले दोर बांधून निंबाच्या फांदीले टांगली, गाठीत माहं मुसळ आडवं खुपसलं अन् मी ते धरून गोल फिरवत राह्यली. दहा फेरे झाले, वीस झाले, दोराले काहीच नाही. मामाजी मिशीतल्या मिशीत हासून राह्यले. मलेच लाज वाटली, मुसळ सोडून देल्लं. तशी तळी उलटी फिराले लागली, गरगर, मंग पुन्ना सुलटी, अन् दोरातून कटकट आवाज निंगाले. घायपाताचे धागे तुटून राह्यले होते. एक पदर सुटला, दुसरा सुटला, अन् धप्पकन तळी खाली.

मामाजीनं तुटलेलं टोक हातात घेतलं, खाली बसले अन् म्हने, पोरी, म्या तुह्या भावाले मारलं असतं व. अन् येवढा ताठ मानूस, लेकरासारखा रडला. म्या सासऱ्याची मर्यादा सोडली अन् त्याइच्या पाठीवर हात ठेवला.

दोन दिस बसून मामाजी, हे अन् मी, आमी तिघांनं निव्वळ अंबाडीचा दोर वळला. मामाजीनं सोताच तो निंबाले टांगला अन् मले म्हने, फिरव. तो टिकला, मंगच दादाच्या विहिरीवर गेला. तवापासून आमच्या घरचा एकबी दोर मुसळाच्या फेऱ्यांबिगर विकला नाही.

पन तवा दोर न्याले आलेला दादा आल्या आल्या मलेच बोलला. म्हने, तू अन् तुहं सासर लय आळशी, दोन दिस मानसं बसून राह्यले माहे. म्या वर पाह्यलं नाही. सांगतली असती खरी गोष्ट, त मामाजीचा दोर कोनं घेतला असता?

मामाजी गेले, त्याले लय वर्स झाले. दादाले आता डोळ्यानं दिसत नाही, तरी एस्टीनं येते, वसरीत बसते अन् माह्या नातवाइले सांगते, तुमची आजी जलमाची आळशी, एक दोर वेळेवर देल्ला नाही तिनं. पोट्टे हासतेत. मीबी हासतो. म्हन रे दादा, असाच शंभर वर्स म्हन मले आळशी.